मी गेलो, मी गेले, नानु होदे

आपल्या भागातल्या घरांत एक गंमत रोज घडते आणि ती कुणाच्या ध्यानात येत नाही. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ यांपैकी एक निवडल्याशिवाय वाक्यच पुरे होत नाही. तोंड उघडले की आपण बाई की पुरुष, हे जाहीर झालेच. (कोल्हापूरकडच्या मुली खुशाल ‘मी गेलो’ म्हणतात, तो भाग वेगळा.) तेच कन्नडात ‘नानु होदे’ म्हणा, बोलणारा कोण हे क्रियापद विचारतही नाही. ‘अवरु बंदरु’ तर अज्जालाही चालते आणि अज्जीलाही.

हे व्याकरण काढण्याचे कारण असे की, माणूस स्त्री की पुरुष हे कुणी ठरवायचे, यावर आज जगभर भांडण चालू आहे. शरीराने, सरकारी दाखल्याने, की ज्याचे त्याने? विद्यापीठांतून हा वाद जुना आहे. बाईपण जन्माने येत नाही, ते घडवले जाते, हा विचार सिमोन द बोव्हार यांनी 1949 साली मांडला. पुढे शरीराचे लिंग वेगळे आणि समाजाने अंगावर चढवलेली ओळख वेगळी, अशी फोड झाली. या दुसऱ्या गोष्टीला मराठी अभ्यासक ‘लिंगभाव’ म्हणतात, कन्नड अभ्यासक ‘लिंगत्व’. बसवकल्याणच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला ‘लिंग’ म्हटले की आधी इष्टलिंग आठवते, म्हणून हे शब्द घरात रुळत नाहीत. प्रश्न मात्र आपल्याला नवा नाही. आत्म्याला बाई म्हणायचे की पुरुष, हे जेडर दासिमय्यांनी वचनात कधीच विचारून ठेवले आहे.

राजकारणात मात्र हा प्रश्न नेहमी नोंदवहीच्या वाटेने आला. इंग्रजांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची यादी ठेवण्याचे कलम घातले. त्याच धर्तीवर आपल्या निजामाच्या राज्यात 1329 फसली, म्हणजे 1919 च्या सुमाराला, कायदा झाला. यादीतला माणूस बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. निजाम गेला, 1956 साली बिदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले, पण तेलंगणात तो कायदा पुस्तकात तसाच राहिला. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला तो जुलै 2023 मध्ये! आणि आपणही फार हसू नये. कर्नाटकाच्या पोलिस कायद्यात 2011 साली 36-अ हे कलम आले, त्यातही पुन्हा यादीच होती. न्यायालयात आव्हान मिळाल्यावर सरकारने त्यातला शब्द बदलला.

मधल्या काळात, 15 एप्रिल 2014 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ निकालात सांगितले की आपली ओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. पाच वर्षांनी संसदेने कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमाने हा अधिकार मान्य केला आणि पाचव्या कलमाने जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायला लावला. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने धरून ठेवले. त्यावर बरीच निदर्शने झाली, ती योग्यच होती असे मला वाटते.

दुसरी बाजूही ऐकावी लागते. स्त्रियांसाठी मिळवलेल्या जागा, खेळ, तुरुंग यांचे काय, असे विचारणाऱ्या बायका परदेशात आहेत आणि त्या सगळ्या द्वेषाने बोलतात असे नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये समानता कायद्यातला ‘स्त्री’ हा शब्द जन्मजात लिंगाशी बांधला. पण तिथला वाद जसाच्या तसा उचलून इथे आणला की घोटाळा होतो. आपल्याकडे प्रश्न स्वच्छतागृहाच्या दाराच्या आधी, घराच्या दाराशी सुरू होतो.

यल्लम्माला जाणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको. मुलाच्या वागण्यात बायकीपणा दिसला की अंगात देवी आली म्हणायचे आणि त्याला जोगप्पा करायचे, मराठीत जोगत्या. परडी आल्यावर लोक पाया पडतात, पण तोच लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला तर सरकून बसतात. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवरून 2009 साली आलेल्या ‘जोगवा’ चित्रपटात ही घुसमट उपेंद्र लिमये यांनी दाखवली, त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती यांचेही घर असेच सुटले. भीक मागून दिवस काढले, मग काळव्वा जोगतींकडे जोगती नृत्य शिकल्या. 2019 साली त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. दोन वर्षांनी राज्य सरकारने नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का आरक्षण दिले, देशात पहिल्यांदा. त्याच नोव्हेंबरात मंजम्मा पद्मश्री घ्यायला राष्ट्रपती भवनात गेल्या. पुरस्कार हातात घेण्याआधी त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली, आणि रामनाथ कोविंद शांतपणे उभे राहिले.