बाळाला दृष्ट नाही, हृदयाला छिद्र आहे!

जालना जिल्ह्यातल्या मायबापहो,

बाळ दूध पिताना चार घोट घेतं, थांबतं, कपाळाला घाम फुटतो, पुन्हा ओढू लागतं. सारखा न्यूमोनिया होतो. वजन हलत नाही. थोडं मोठं झालं की खेळता खेळता मध्येच उकिडवं बसतं, ओठ-नखं निळी पडतात. अशा पोरावरून मीठ-मोहऱ्या उतरवणं आता पुरे. हजारात आठ-दहा बाळं हृदयात दोष घेऊन जन्मतात.

ग्रहण पाळलं नाही म्हणून आईला बोल लावणाऱ्यांनीही ऐकावं. गर्भाचं हृदय चौथ्या आठवड्यात धडधडू लागतं, आठव्यापर्यंत त्याचे चार कप्पे पडतात. घरात गोड बातमी कळेपर्यंत निम्मं काम उरकलेलं असतं. बोलायचंच तर मामाच्या पोरीशी लग्न लावण्यावर बोला, गरोदरपणातल्या रुबेलावर बोला. तिथं मात्र सगळे गप्प!

असे दोष वेळीच शोधायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी. कागदावर चोख. पण दसरा-दिवाळीला मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. पोरं फडावर आणि डॉक्टरांची गाडी गावात! पटावर ‘गैरहजर’ लिहिलं की तपासणी झाली काय? आमची मागणी साधी आहे : तपासणी दसऱ्याआधी उरका, आणि ज्या पोराचा संशय येईल त्याचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, टोळी निघण्यापूर्वी करा.

दुसरी मागणी. प्रसूती होते त्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात बाळाला घरी सोडण्याआधी उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिमीटर लावा. कोविडात हे यंत्र घराघरात पोचलं; बाळासाठी त्याचा वेगळा प्रोब लागतो, एवढंच. आकडा पुन्हा पुन्हा 95 च्या खाली आला तर बाळाच्या हृदयाची तपासणी झाल्याशिवाय सुट्टी देऊ नका. साधं छिद्र यात बहुधा सापडत नाही, हे खरं. त्याला स्टेथोस्कोप हवा आणि आशाताईची नजर हवी. पहिल्या 42 दिवसांत ती सहा वेळा घरी येते; तेव्हा तिच्यासमोर बाळाला पाजा.

‘छिद्र आपोआप बुजतं’ म्हणतात. लहान असेल तर बुजतंही. पण ते लहान की मोठं हे इको सांगतो, शेजारीण नाही. मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतात. रेशनकार्ड आणि जन्मदाखला आजच काढून ठेवा.

येत्या ग्रामसभेत दसऱ्याआधीच्या तपासणीचा ठराव घ्या, नक्कल तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.