शिळ्या भाताचा हिशेब

इगतपुरी तालुक्याचे सारे वर्ष पाऊस आणि भात या दोन गोष्टींभोवती फिरते. आषाढात आवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि त्यानंतर घोटीच्या भातगिरण्यांची घरघर, हा क्रम येथील शाळकरी मुलासही पाठ असतो. ज्यांनी चिखलात पाय रोवून रोपे लावली आहेत, त्यांच्या घरी ताटातले शीत वाया घालवणे पाप समजले जाते. रात्री उरलेला भात झाकून ठेवावा आणि सकाळी कांदा, मिरची व हळद घालून फोडणीस टाकावा, ही काटकसर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. तिच्याविरुद्ध लिहिण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने काटकसरीची निंदा करणे शोभतही नाही. परंतु या काटकसरीचा हिशेब आपण पुरता मांडतो काय, एवढाच प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे.

प्रश्न सुचला तो एका घरगुती प्रसंगावरून. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे पाहुणे येणार होते, त्यांतले निम्मे पावसामुळे आलेच नाहीत. सुमारे अर्धा किलो तांदळाचा भात उरला. गरम पातेल्यावर झाकण ठेवून ते रात्रभर ओट्यावरच राहिले. सकाळी त्याचा वास चांगला होता, रंगही पालटलेला नव्हता. आम्ही स्वतः थोडा खाल्ला आणि बाकीचा, अन्न वाया जाऊ नये म्हणून, भांडी घासण्यास येणाऱ्या बाईंना डब्यात भरून दिला. डबा मीच त्यांच्या हाती ठेवला आणि काहीतरी चांगले केल्याचे समाधानही मानले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. भात त्यांनी दुपारी परतून मुलांना वाढला होता आणि थोड्याच वेळात धाकट्या मुलास उलट्या सुरू झाल्या. मुलगा दिवसभरात सावरला. दोष भाताचाच होता, हे कोणी तपासून पाहिले नाही. अशा गोष्टी आपल्याकडे कोणी तपासतही नाही. पण ते दिवस आवणीचे होते. मुलाच्या उशाशी बसलेल्या आईची एका दिवसाची मजुरी बुडाली, डॉक्टरांचे पैसे वेगळे. आम्ही वाचवला होता तो तीस-चाळीस रुपयांचा माल. बचत आमच्या खात्यावर जमा झाली आणि तिचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडला. एकाच्या व्यवहाराचा भार तिसऱ्यावर पडतो, तेव्हा अर्थशास्त्रात त्याला बाह्य खर्च म्हणतात. वर्गात हा विषय शिकवताना गिरणीच्या धुराचे उदाहरण देतात. भाताच्या पातेल्याचे उदाहरण मला तोवर सुचले नव्हते.

उकळी कोठे हरते

भात पुन्हा चांगला तापवला की त्यातील दोष जळून जातो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. सुशिक्षित घरांतही ती दृढ आहे. वास्तविक भाताच्या बाबतीत तीच सर्वांत फसवी ठरते. शेतातील मातीत ‘बॅसिलस सीरियस’ नावाचा जिवाणू असतो आणि तांदळाबरोबर तो घरात येतो. प्रतिकूल परिस्थितीत हा जिवाणू बीजाणूचे रूप घेतो आणि त्या रूपात भात शिजवण्याची आच सहन करून जिवंत राहतो. भात शिजला, गरम असतानाच पानात पडला, तर त्यापासून काही बिघडत नाही. परंतु कोमट, ओलसर भात तासन्तास तसाच राहिला की बीजाणू रुजतात, वाढतात आणि त्यांतील काही जाती एक विष तयार करतात. हे विष १२१ अंश सेल्सियस उष्णतेतही टिकते, म्हणजे प्रेशर कुकरलाही ते दाद देत नाही. मग सकाळच्या कढईची काय कथा! शिवाय त्याला वास नाही, चव नाही. शितावरून भाताची परीक्षा करण्यात आपण पटाईत खरे, पण ही परीक्षा शितावरून होत नाही. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या होतात. बहुधा एका दिवसात माणूस बरा होतो. क्वचित, विशेषतः लहान मुलांत, प्रकरण गंभीरही होते.

या दुखण्याचा भाताशी असलेला संबंध जगाच्या लक्षात आला तो १९७१ पासून, इंग्लंडमधील चिनी उपाहारगृहांमुळे. तेथे भात मोठ्या प्रमाणावर आधीच शिजवून ठेवीत. फ्रिजमध्ये ठेवल्यास त्याचे गोळे होतात म्हणून तो रात्रभर स्वयंपाकघरातच राही आणि गिऱ्हाईक आले की भराभर परतून दिला जाई. परतण्याची आच तीव्र होती, तरी माणसे आजारी पडत. आपला फोडणीचा भात याहून निराळा नाही. बिघाड होतो तो रात्री. सकाळची आच तेथे उशिरा पोहोचते.

म्हणून भाताची खरी राखण जेवणे उरकल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत करावी लागते. जिवाणू फोफावतात ते साधारण ५ ते ६० अंश या टापूत. भाताने हा टापू लवकर ओलांडला पाहिजे. खोल पातेल्यात, झाकणाखाली, भाताचा गाभा कित्येक तास कोमट राहतो. आपल्याकडील इंद्रायणीसारखा चिकट भात तर गोळा होऊन बसतो. तो स्वच्छ परातीत पातळ पसरावा. परातीखाली गार पाणी ठेवता आले तर अधिक चांगले. तासाभरात तो लहान, उथळ डब्यांतून फ्रिजमध्ये जावा. दुसऱ्या दिवशी तो संपवावा. खाताना हवा तेवढाच काढावा, पाण्याचा हबका मारून आतपर्यंत वाफ येईल असा तापवावा आणि एकदा तापवलेला पुन्हा ठेवू नये. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र, तो कितीही चांगला दिसला, तरी खाऊ नये आणि कोणास देऊही नये.

ज्यांच्या घरी फ्रिज नाही

यावर कोणी म्हणेल, हे शहाणपण पगारदारांचे झाले. आक्षेप रास्त आहे. फ्रिज सर्वांच्या घरी नाही, आणि ज्यांच्या घरी आहे त्यांच्याकडेही आमच्या पावसात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये दरमहा माणशी पाच किलो धान्यावर ज्या घराची गुजराण आहे, त्या घराला उरलेला भात फेकून द्या असे सांगणे म्हणजे निष्ठुरपणा होय. अशा घरांसाठी उपाय आदल्या टप्प्यावरचा आहे, तो म्हणजे मोजून शिजवणे. रात्री भात उरलाच तर तो निजण्यापूर्वी संपेल अशी बेताची मापे घरोघर ठरवता येतात, आणि गरीब घरांतील गृहिणींना ही कला आपल्याहून अधिक अवगत असते. भात उरतो तो बहुतांशी आपल्यासारख्यांच्या घरी. पाहुण्यांना कमी पडू नये ही आपली प्रतिष्ठा, आणि तिची किंमत दुसऱ्या दिवशी कोणी तरी शिळे खाऊन चुकती करते.

ओडिशा, बंगाल, तामिळनाडूत भात रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी खातात, त्याचे काय, असेही विचारले जाईल. पाण्यामुळे भात लवकर निवतो आणि आंबल्यावर त्या आंबटपणाने अनेक जंतूंना आळा बसतो, हे खरे. परंतु ती एक स्वतंत्र, सरावाने साधलेली रीत आहे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात सकाळी पाणी ओतल्याने ती साधत नाही.

शिळे कोणाच्या वाट्याला

तथापि या विषयाचे मर्म जंतुशास्त्रापलीकडे आहे. शिळे अन्न समाजात सारख्या प्रमाणात वाटले जात नाही. घरात ते गृहिणीच्या किंवा सुनेच्या ताटात जाते, घराबाहेर मोलकरणीच्या डब्यात किंवा दारी आलेल्या भुकेल्याच्या हातात. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडे ते वाहत जाते. याला आपण कधी काटकसर म्हणतो, कधी दान. व्यापारी स्वयंपाकघरांवर या बाबतीत कायद्याचा अंकुश आहे. २००६ च्या कायद्याखाली २०११ मध्ये झालेल्या नियमांत गरम अन्न ६० अंशांवर व थंड अन्न ५ अंशांखाली ठेवण्याचे बंधन आहे. उरलेले अन्न गरजूंना वाटणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये स्वतंत्र नियम झाले. मिळणाऱ्याला ते फुकट असले तरी सुरक्षितच असले पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. आपल्या ओट्यावर कोणी निरीक्षक येणार नाही, येऊही नये. तेथे हे तत्त्व आपणच पाळावयाचे आहे.

‘आम्ही जन्मभर हेच खात आलो, काय झाले?’ हा शेवटचा युक्तिवाद. पुष्कळदा काहीच होत नाही, हे मान्य. परंतु जेव्हा होते तेव्हा ते पित्त, पाणी किंवा बाधणे या नावांखाली विसरले जाते आणि कोणत्याही नोंदीत येत नाही. नोंद नाही म्हणून खर्च नाही असे जमाखर्च लिहिणारा कारकूनही म्हणणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील साठ टक्के घराघरांतून. तेव्हा अन्न वाचवलेच पाहिजे, यात दुमत नाही. ते वाचवण्याची वेळ मात्र रात्रीची आहे, भात कोमट असतानाची. आमच्या घरी आता जेवणे झाली की परात मीच घेतो. सकाळी कोणाच्या हाती डबा द्यावयाचा असेल, तर त्यातला भात आदल्या रात्री कोठे होता हे आधी स्वतःला विचारतो. उत्तर समाधानकारक नसेल, तर तांदूळच देतो.