साक्ष एकाची, अन्वयार्थ दुसऱ्याचा?

अमेरिकेतील गुलामांच्या आत्मकथनांना 'दाहक अनुभवाचे दस्तऐवज' म्हणून गौरविण्याची रीत समीक्षेत रूढ आहे. हा गौरव वरवर उदार वाटतो. वस्तुतः तो लेखकाचा विचार करण्याचा अधिकारच काढून घेतो.

फ्रेडरिक डग्लस यांचे पहिले आत्मकथन १८४५ साली प्रसिद्ध झाले, ते विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचे पत्र यांसह. कृष्णवर्णीयाच्या शब्दाला गोऱ्यांची ग्वाही लागत होती. व्यासपीठावर त्यांनी घटना तेवढ्या सांगाव्यात, तत्त्वचिंतन इतरांवर सोपवावे, असा सल्ला गुलामीविरोधी सहकारीच देत, हे डग्लस यांनी १८५५ च्या दुसऱ्या आत्मकथनात नोंदविले आहे. त्या ग्रंथाची प्रस्तावना मात्र जेम्स मक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरांची आहे.

गॅरिसन आणि डग्लस यांच्यातील मूलगामी वाद संहितेच्या वाचनाचा होता. गॅरिसन यांच्या मते राज्यघटना म्हणजे गुलामधारकांशी केलेला करार. ४ जुलै १८५४ रोजी त्यांनी तिची प्रत जाहीरपणे जाळली. घटनाकारांचा हेतू हा त्यांचा मुख्य आधार. डग्लस यांनी १८५१ मध्ये ही भूमिका सोडली. मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही. तेव्हा घटनाकारांच्या मनात काय होते यापेक्षा संहिता काय म्हणते हे प्रमाण मानावे, असा त्यांचा युक्तिवाद. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांनीही घटनाकारांच्या हेतूचाच हवाला देऊन कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले. गुलामीचा कट्टर शत्रू आणि तिचा न्यायपीठावरील रक्षक वाचनपद्धतीत एकत्र आले, यातच डग्लस यांच्या भूमिकेची निकड दिसते.

पळालेल्या गुलामांना परत करण्याची तरतूद घटनेत होतीच, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. शिवाय या वादाचा निकाल वाचनाने नव्हे, तर यादवी युद्धाने आणि १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने लागला. परंतु हा आक्षेप घेण्यासाठीही डग्लस यांना भाष्यकार मानावे लागते. त्यांच्या अंगावरील वळांची वर्णने तेवढी उद्धृत करणारी समीक्षा नेमके हेच टाळते.

१८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामीनिर्मूलनाच्या कैवाऱ्यांना अर्पण करणाऱ्या जोतीराव फुले यांनी त्याच ग्रंथात अवतारकथांचा स्वतंत्र अन्वयार्थ लावला. अर्पणपत्रिकेचा उल्लेख आवर्जून करायचा आणि अन्वयपद्धतीकडे दुर्लक्ष करायचे, ही त्याच वृत्तीची मराठी आवृत्ती होय. पीडिताची साक्ष स्वीकारून त्याचे भाष्य नाकारणाऱ्या समीक्षेला अनुभवाविषयी आदर आहे, असे म्हणता येत नाही.