मजुरी वगळून मानवंदना

युरोप-अमेरिकेतील मोठ्या शहरांत गेली काही दशके एका विशिष्ट प्रकारचा रंगमंचीय कार्यक्रम लोकप्रिय झाला आहे. तीन-चार गायिका, साथीला पियानो, डबल बेस आणि ड्रम्स, समोरच्या टेबलांवर मंद दिवे, आणि एका रात्रीत बेसी स्मिथपासून बिली हॉलिडे, एला फिट्झजेराल्ड, लीना हॉर्न, नीना सिमोन यांच्यापर्यंत जॅझ व ब्लूजच्या थोर गायिकांना वाहिलेली आदरांजली. केसांत गार्डेनियाचे पांढरे फूल खोवले की ती बिली झाली. पिसांचा मुकुट चढविला की बेसी. श्रोते टाळ्या वाजवितात, एखाद-दुसरा डोळे पुसतो आणि मंडळी घरी जातात.

कॅबरे मंडळ्यांच्या या उपक्रमाला विरोध करण्याचे कारण नाही. चांगले गाणे पुन:पुन्हा गायिले गेले पाहिजे. आक्षेप आहे तो या कार्यक्रमांतून नेमाने जे गाळले जाते त्याबद्दल. गायिकेचे दु:ख दाखविले जाते, तिची दारू दाखविली जाते, तिला फसविणारे पुरुष तर हटकून दाखविले जातात. दाखविली जात नाही ती तिची मजुरी. ती कोणत्या कराराखाली गात होती, तिला गाण्याचा परवाना कोण देत होता, तो कोणी व का काढून घेतला, तिच्या तबकड्यांवर कोणाची घरे भरली, हा सगळा भाग जणू मंचाच्या मागे राहिलेला अडगळीचा सामान असतो. शोषणाची कथा अशा रीतीने दुर्दैवाची कथा होते. दुर्दैवाला जबाबदार कोणीच नसतो, ही त्यातली सोय.

'कॅबरे' हा शब्द आपल्याकडे हिंदी चित्रपटांनी असा काही बदनाम करून ठेवला आहे की तो उच्चारताच कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठी पडते. परंतु पॅरिसमध्ये 1881 साली 'ल शा न्वार' निघाले तेव्हापासून कॅबरे हा कवींचा, चित्रकारांचा आणि राजसत्तेची टर उडविणाऱ्यांचा अड्डा होता. पुढे बर्लिनमध्ये त्याला धारदार राजकीय रूप आले व हिटलरने ते मोडून काढले. मध्य युरोपातील असे राजकीय कॅबरे पाहून आलेल्या बार्नी जोसेफसन नावाच्या एका चपला विकणाऱ्या माणसाने डिसेंबर 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात एका तळघरात 'कॅफे सोसायटी' उघडली. नाव मुद्दाम उपरोधाने ठेवलेले; 'कॅफे सोसायटी' म्हणजे त्या काळच्या मिरविणाऱ्या धनिकांचे वर्तुळ. हार्लेममधल्या प्रसिद्ध कॉटन क्लबात मंचावर काळे कलावंत आणि खुर्च्यांवर गोरे श्रीमंत, असा बंदोबस्त असे. कॅफे सोसायटीत मंचावर आणि खुर्च्यांवर, दोन्हीकडे, दोन्ही वर्णांची माणसे एकत्र बसत. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये ही साधी गोष्ट नव्हती.

तेथेच 1939 साली बिली हॉलिडेने 'स्ट्रेंज फ्रूट' प्रथम गायिले. दक्षिणेत जमावाने झाडाला लटकावून मारलेल्या काळ्या माणसांच्या देहांविषयीचे ते गाणे. ते लिहिणारा एबल मीरोपोल हा ब्राँक्समधील एका शाळेतला शिक्षक आणि कम्युनिस्ट होता. मूळ कविता 1937 साली छापली गेली ती शिक्षकांच्या संघटनेच्या मासिकात. आपल्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी निषेधगीतांपैकी एक गीत कामगार संघटनेच्या नियतकालिकातून जन्माला आले! आपल्या नियतकालिकांतील कवितांची पाने उलटताना हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गाणे सुरू होण्यापूर्वी जोसेफसन वाढप्यांना काम थांबवायला लावी, सगळे दिवे मालवी, एकच झोत बिलीच्या चेहऱ्यावर ठेवी. गाणे संपले की अंधार, आणि पुन्हा दिवे लागेपर्यंत ती निघून गेलेली असे. 'वन्स मोअर' नाही. कोलंबिया कंपनीने हे गाणे मुद्रित करण्यास नकार दिला, कारण दक्षिणेतील विक्रेते बिथरण्याची भीती. अखेर कमोडोर या छोट्या कंपनीने ते मुद्रित केले. मीरोपोलला पुढे न्यूयॉर्क राज्याच्या चौकशी समितीपुढे उभे करून विचारण्यात आले की, हे गीत लिहिण्यासाठी कम्युनिस्ट पक्षाने पैसे दिले काय? एखादा माणूस फाशीचे छायाचित्र पाहून स्वत:हून अस्वस्थ होऊ शकतो, हे समितीच्या आकलनाबाहेरचे होते.

आता परवान्याची गोष्ट. ती विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण गौरवाच्या कार्यक्रमांत ती सहसा ऐकू येत नाही.

न्यूयॉर्क शहरात 1940 च्या सुमारास पोलिसांनी असा नियम केला की, जेथे मद्य मिळते आणि गाणे-नाचणे चालते अशा जागी काम करणाऱ्या प्रत्येकाने 'कॅबरे कार्ड' बाळगले पाहिजे. केवळ गायक-वादकांनी नव्हे, स्वयंपाक्याने आणि वाढप्यानेही. त्यासाठी पोलीस ठाण्यात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, छायाचित्र द्यायचे, ठराविक मुदतीने कार्डाचे नूतनीकरण करायचे. कार्ड देणे, रोखणे वा काढून घेणे सर्वस्वी पोलिसांच्या मर्जीवर. भाकरीची किल्ली न्यायाधीशाच्या हाती नाही, विधिमंडळाच्या हाती नाही, पोलिसाच्या हाती! इंग्रजी अमदानीतील गुन्हेगार जमातींच्या हजेरीची ज्यांना माहिती आहे त्यांना या पद्धतीची जात ओळखायला वेळ लागणार नाही.

बिली हॉलिडेला 1947 साली अमली पदार्थ बाळगल्याबद्दल एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. पश्चिम व्हर्जिनियातील आल्डरसनच्या तुरुंगातून मार्च 1948 मध्ये ती सुटली. शिक्षा भोगून झाली होती. तरी कार्ड गेले ते गेलेच. सुटकेनंतर काही दिवसांतच तिने कार्नेगी हॉलमध्ये गायिले आणि सभागृह ओसंडून वाहिले. सभागृहात मद्य मिळत नसे, म्हणून तेथे कार्डाची गरज नव्हती. म्हणजे देशातील सर्वांत प्रतिष्ठित सभागृहात गाण्यास ती पात्र, आणि कोपऱ्यावरच्या साध्या मद्यालयात गाण्यास अपात्र. परंतु कार्नेगी हॉल वर्षातून एखाद्या वेळी मिळतो; गायिकेची चूल रोजच्या रात्रींवर पेटते. ज्या शहराने तिला घडविले त्याच शहरातील रोजगार तिला उरलेल्या अकरा वर्षांच्या आयुष्यात बंद राहिला आणि गावोगाव भटकून गाणे तिच्या नशिबी, छे, तिच्या करारपत्रात आले. 1959 च्या उन्हाळ्यात ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रुग्णालयात मरणाच्या दारी असताना पोलिसांनी खाटेवरच तिला अटक केली व खोलीबाहेर पहारा बसविला. 17 जुलै रोजी, 44 व्या वर्षी, ती गेली. बँकेत शिल्लक होते 70 सेंट. ही कार्डपद्धती रद्द झाली ती 1967 मध्ये.

निष्पक्षपाताने सांगायचे तर सर्वच रंगकर्मी या गोष्टीकडे डोळेझाक करतात असे नाही. लेनी रॉबर्टसन यांचे 'लेडी डे ॲट इमर्सन्स बार अँड ग्रिल' हे 1986 चे नाटक फिलाडेल्फियातील एका छोट्या मद्यालयात घडते. बिली तेथे का गाते आहे, न्यूयॉर्कमध्ये का नाही, याचे उत्तर नाटकातच दिलेले आहे. एक वाक्य पुरते. ते उच्चारण्याची इच्छा हवी.

बेसी स्मिथची हकीकत थोडक्यात. 1923 पासून तिच्या तबकड्यांनी कोलंबिया कंपनीला सावरले. तिने दीडशेच्या वर गाणी मुद्रित केली. मोबदला प्रत्येक बाजूमागे ठोक रकमेचा, रॉयल्टी नाही. 1937 मध्ये मिसिसिपीतील क्लार्क्सडेलजवळ मोटार अपघातात ती वारली. गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दारातून परत पाठविले म्हणून ती मेली, ही कथा पुरोगामी वर्तुळांत फार सांगितली जाते. तिच्यावर नाटकही झाले. ती खरी नाही. तिला काळ्यांच्या रुग्णालयात नेण्यात आले होते. पण खरी गोष्ट कमी भयंकर आहे असे कोणी समजू नये: गावात रुग्णालये कातडीच्या रंगानुसार दोन होती, आणि काळ्या बाईला गोऱ्यांच्या दारी नेण्याचा विचारही करण्याचे कारण कोणाला नव्हते. सत्य इतके बोलके असताना दंतकथेच्या काठ्या कशाला? तिच्या थडग्यावर तेहतीस वर्षे साधा दगडही नव्हता. 1970 मध्ये तो बसविला गेला, तो गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी घरकाम केलेल्या वानिटा ग्रीन या दोघींच्या पैशाने. कंपनीच्या नव्हे.

एला फिट्झजेराल्डच्या वाट्याला असे हाल आले नाहीत, पण 1955 सालची ह्यूस्टनची एक घटना पाहा. व्यवस्थापक नॉर्मन ग्रँझ यांनी श्रोत्यांत वर्णानुसार बसविण्याची पद्धत मोडून काढली होती. पोलिसांनी कपडे बदलण्याच्या खोलीत शिरून, तेथे जुगार चालला आहे अशा सबबीवर, एलासह काहींना पकडून ठाण्यात नेले. तेथे एका पोलिसाने तिची स्वाक्षरी मागितली. मला ही घटना अनेक गौरवग्रंथांपेक्षा मोलाची वाटते. पियानोवादक-गायिका हेझल स्कॉट हिचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम 1950 मध्ये बंद पडला, तो तिने अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे जाऊन काळ्या यादीचा जाहीर निषेध केल्यानंतर आठवडाभरात. तीही कॅफे सोसायटीतच नावारूपाला आलेली. जोसेफसनच्या भावाने त्याच समितीपुढे बोलण्यास नकार दिल्यावर वृत्तपत्रांनी मोहीम उघडली, गिऱ्हाईक तुटले आणि कॅफे सोसायटीही मिटली.

आणि नीना सिमोन. जून 1963 मध्ये मिसिसिपी राज्याच्या राजधानीत, जॅक्सन येथे, मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याचा घराच्या दारात खून झाला. सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली ठार झाल्या. 'मिसिसिपी गॉडॅम' हे नीनाचे गाणे त्या संतापातून उसळले. मार्च 1964 मध्ये तिने ते कार्नेगी हॉलमध्ये, बहुसंख्य गोऱ्या श्रोत्यांपुढे गायिले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे 1964 मध्ये, त्याच जॅक्सन शहरात एका उपाहारगृहाने एका भारतीय पाहुण्याला कातडीच्या रंगावरून प्रवेश नाकारला. तो पाहुणा दुसऱ्या दिवशी, आधी कळवून, पुन्हा तेथे गेला आणि अटक करवून घेतली. ते डॉ. राममनोहर लोहिया होते. अमेरिकी सरकारला दिलगिरी व्यक्त करावी लागली. लोहियांनी नीनाचे गाणे ऐकले होते की नाही याला महत्त्व नाही. दोघेही एकाच बंद दारावर धडक देत होते, आणि म्हणून हे गाणे समाजवाद्यांना परके नाही.

यावर कोणी म्हणेल, लोक संध्याकाळी दोन घटका करमणुकीसाठी येतात, त्यांच्यापुढे करारपत्रे कसली वाचता? शिवाय मंचावर गाणाऱ्या आजच्या गायिकाही पोटासाठीच गात असतात. आक्षेपाचा दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. माझे म्हणणेच ते आहे. रूथ ब्राउनचे उदाहरण घ्या. 1950 च्या दशकात तिच्या तबकड्यांवर अटलांटिक कंपनी उभी राहिली. पुढे काम आटले तेव्हा ती लोकांची घरे साफ करीत होती, शाळेची बस चालवीत होती. आणि कंपनीच्या वह्यांत मुद्रणाचा खर्च तिच्याच नावे टाकून उलट तीच ऋणको दाखविलेली. तिने वकील गाठला, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, वर्षानुवर्षे झगडली. 1988 मध्ये कंपनीने ही कर्जखाती पुसली, मागील रॉयल्टी दिली आणि जुन्या कलावंतांच्या मदतीसाठी संस्था काढण्यास पैसा दिला. हा लाभ तिच्यासारख्या इतर अनेकांनाही मिळाला. पुढच्याच वर्षी ब्रॉडवेवर 'ब्लॅक अँड ब्लू' या गौरवप्रयोगात तीच रूथ ब्राउन जुनी ब्लूज गात होती आणि त्याबद्दल तिला टोनी पारितोषिक मिळाले. पूर्वसूरींना वंदन कसे करावे याचा याहून चोख नमुना मला ठाऊक नाही: आधी हिशेब मागितला, मग गाणे गायिले.

आपल्याकडे 1960 च्या दशकारंभी लता मंगेशकरांनी पार्श्वगायकांसाठी रॉयल्टीची मागणी केली तेव्हा त्यांच्यावर लोभीपणाचा शिक्का मारणारे अनेक निघाले. कायद्याने कलावंताचा हा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला तो 2012 च्या दुरुस्तीने. मधली पन्नास वर्षे ज्यांच्या गळ्यावर चालली त्यांच्यात लता एकच होत्या. बाकीच्यांची नावेही आपल्याला आठवत नाहीत.

पुरोगामी चळवळींनाही या प्रश्नातून सूट नाही. मेळावा असो, शिबिर असो, सभेपूर्वी गर्दी धरून ठेवायला कलापथक लागते, आणि कलापथकातील बाईच्या आवाजावर गर्दी थांबते हे प्रत्येक संयोजक जाणतो. शेवटी तिला शाल, श्रीफळ आणि पुस्तक दिले जाते, एस. टी.चे भाडे मिळाले तर ती उदारता समजली जाते. ध्येयासाठी गाणाऱ्याने पैशाचे बोलू नये, असा संकेत आहे. हा संकेत कोणासाठी सोयीचा आहे ते वेगळे सांगायला नको. पुढच्या मेळाव्याचे अंदाजपत्रक मांडताना मंडप, ध्वनिक्षेपक, भोजन, छपाई या बाबींच्या वर गायिकेचे मानधन ही बाब लिहावी आणि ते कार्यक्रम सुरू होण्याआधी तिच्या हाती द्यावे. मंडपवाला उधारीवर खांब रोवीत नाही, हे जिल्ह्या-जिल्ह्यातील खजिनदारांना अनुभवाने माहीत आहे.