इसाराची मुदत आणि तुरीची रास

अक्कलकोट तालुक्यात अक्कलकोट, दुधनी आणि मैंदर्गी अशा तीन नगरपरिषदा आहेत. त्यांपैकी मैंदर्गी कागदोपत्री शहर असले, तरी तेथील पैसा शेताच्या बांधावरून येतो आणि शेताच्याच वेळापत्रकाने येतो. अशा गावात बेताच्या मिळकतीचे कुटुंब घर घेण्याचे ठरवते, तेव्हा ते बहुधा नवे घर नसते. दगडमातीच्या भिंतींचे, वर माळवद घातलेले दोन खणांचे जुने घर असते, आणि पोटासाठी सोलापूरला किंवा पुण्याला गेलेल्या कोणा भावाने ते विकायला काढलेले असते. चार माणसांत बसून किंमत ठरते. २०२४ पर्यंत शंभराच्या आणि त्यानंतर पाचशेच्या मुद्रांकावर इसारपावती होते. पेढे वाटले जातात. आणि सहा महिन्यांनी व्यवहार मोडतो.

मोडलेल्या व्यवहाराबद्दल गावात एकच वाक्य ऐकू येते: ते घर नशिबात नव्हते. ज्याचा इसार बुडाला तोही हेच म्हणतो, आणि ज्याने तो ठेवून घेतला त्याला तर हे वाक्य फारच सोयीचे असते. वस्तुस्थिती अशी की यांतले बरेच व्यवहार ज्या दिवशी मोडतात त्या दिवशी मोडत नसतात. ते इसारपावती लिहिली त्याच दिवशी मोडलेले असतात. कळते तेवढे नंतर.

मुदतीचेच पाहावे. इसार पाडवा किंवा अक्षय्य तृतीया असा मुहूर्त पाहून दिला जातो आणि मुदत रूढीने सहा महिन्यांची लिहिली जाते. वैशाखात दिलेल्या इसाराची मुदत कार्तिकात संपते. मृगाच्या पावसावर पेरलेली तूर त्या वेळी शेतात उभी असते. तिची रास होऊन दुधनीच्या बाजारात पोती जाईपर्यंत पौष उजाडतो. म्हणजे खरेदीदार ज्या पैशाच्या भरवशावर सही करतो, तो पैसा मुदत संपल्यावर दोन महिन्यांनी हातात येणार, हे सही करतानाच ठरलेले असते. सहा महिन्यांचा हा आकडा महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्यांच्या व्यवहारांतून आलेला दिसतो. तुरीला तो ठाऊक नाही.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. घराची किंमत सात लाख, इसार एक लाख. त्या एका लाखात गेल्या हंगामाची शिल्लक चाळीस हजार, बायकोचे दागिने गहाण टाकून उचललेले चाळीस हजार आणि मेहुण्याकडून आणलेले वीस हजार. खरेदीखताच्या वेळी मुद्रांक शुल्क व नोंदणी फी मिळून आणखी चाळीस-पन्नास हजार लागतील, ही गोष्ट किंमत ठरवताना कोणी बोलतच नाही. (घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात २०२१ पासून एक टक्का सवलत आहे, तीही थोड्यांनाच माहीत असते.) व्यवहार मोडला की चाळीस हजारांच्या सोनेतारण कर्जावर व्याज चढत राहते, भाड्याच्या खोलीचे भाडे सुरूच राहते, मेहुण्याशी बोलणे अवघड होते. तिकडे घर मात्र उरलेल्या किमतीला दुसऱ्या कोणाकडे जाते. ज्याच्यापाशी बँकेत दहा लाख पडून आहेत त्याला एक लाख अडकणे ही गैरसोय वाटते. या कुटुंबाच्या बाबतीत तो दोन हंगामांचा घास असतो.

खरेदीदाराच्या हातून मुदत चुकली तर इसार जप्त, असे वाक्य जवळजवळ प्रत्येक पावतीत असते. ते वाचून माणूस खचतो आणि पुढे काही विचारतच नाही. कायदा मात्र इतका सरळ विक्रेत्याच्या बाजूचा नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि त्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या दाव्यात हा नियम स्पष्ट केला. दिल्लीतील त्या व्यवहारात खरेदीदाराने १ हजार रुपये इसार म्हणून आणि पुढे २४ हजार रुपये किमतीपोटी दिले होते. न्यायालयाने १ हजाराची जप्ती मान्य केली, २४ हजारांची केली नाही. कारण तेवढे नुकसान झाल्याचा पुरावा विक्रेत्याने दिला नव्हता. उलट सतीश बत्रा यांच्या दाव्यात २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने सात लाखांची जप्ती कायम केली, कारण ती संपूर्ण रक्कम करारात इसार म्हणूनच लिहिली गेली होती.

दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे मैंदर्गीच्या खरेदीदाराने काय करावे ते दिसू लागते. एक लाख द्यायचेच असतील तर दहा हजार ‘इसार’ म्हणून आणि नव्वद हजार ‘किमतीपोटी आगाऊ’ म्हणून वेगवेगळे लिहून घ्यावेत. खर्च एका ओळीचा आहे. लेखनिक ती ओळ आपणहून घालत नाही, कारण त्याच्याकडे तयार नमुना असतो आणि तो नमुना विक्रेत्यांच्या चालीने तयार झालेला असतो. विक्रेत्याकडून चूक झाली तर काय, यावर बऱ्याच पावत्या गप्पच असतात.

आणि चूक विक्रेत्याकडूनही तितकीच होते. वडिलोपार्जित घर एक भाऊ विकायला काढतो. दुसरा भाऊ भिवंडीत, बहीण सीमेपलीकडे अफजलपूरला किंवा कलबुर्गीला दिलेली. इसार घेताना तिचे नावही निघत नाही. खरेदीखताच्या आठवड्यात ती सही द्यायला नकार देते आणि सगळा दोष तिच्यावर येतो. तो तिचा मुळीच नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध वाटा दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याविषयीच्या उरल्यासुरल्या शंकाही दूर केल्या. बहिणीला न विचारता तिच्या वाट्यावर इसार घेणारा भाऊ हा या प्रकरणातला अपराधी आहे. फसलेल्या खरेदीदाराचे दुःख मोठे असले, तरी कार्यकर्त्याने त्या दुःखाच्या भरात बहिणीवर सहीसाठी दडपण आणणाऱ्यांत जाऊन बसू नये. शिवाय एका भावाचाच हिस्सा घेऊन काम भागवू म्हणणाऱ्यांना १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४४ वे कलम आडवे येते: अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा विकत घेणाऱ्या परक्या माणसाला त्या घरात संयुक्त ताबा मागता येत नाही.

याच कायद्यातील ५५ वे कलम खरेदीदाराच्या कामाचे आहे. मालकीतील जो दोष विक्रेत्याला ठाऊक आहे आणि साध्या काळजीने खरेदीदाराला कळण्यासारखा नाही, तो सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. अशा दोषामुळे खरेदीदाराने घर नाकारले, तर त्याने दिलेल्या रकमेचा आणि इसाराचा बोजा त्या घरावर राहतो. नगरपरिषदेचा घरपट्टीचा उतारा दाखवून ‘हे पाहा, घर माझ्या नावावर’ असे सांगितले जाते; पण कर कोण भरतो एवढेच तो उतारा सांगतो. घर कोणाचे हे ठरवण्यासाठी मिळकत पत्रिका, आधीची खरेदीखते, वारसनोंद आणि दुय्यम निबंधकांकडील जुन्या नोंदी पाहाव्या लागतात.

भाषेचाही एक पेच येथे आहे, आणि मुंबई-पुण्याच्या चर्चेत तो कधी येत नाही. मैंदर्गीत व्यवहार बोलला जातो कन्नडमध्ये, काही घरांत दखनीत, आणि लिहिला जातो मराठीत, तोही ‘लिहून देणार’ आणि ‘चतु:सीमा’ अशा मराठीत, जी मराठी माणसालाही दोनदा वाचावी लागते. बैठकीत ‘तूर झाल्यावर देऊ’ असे कन्नडमध्ये कबूल झालेले असते. कागदावर तारीख पडते. पुढे वाद झाला की कागद बोलतो आणि बैठक मुकी होते.

मग न्यायालय. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, आणि करार प्रत्यक्ष पुरा करून देण्याचा आदेश पूर्वी न्यायाधीशाच्या विवेकावर होता, तो आता सर्वसाधारण नियम झाला. ऐकायला हे चांगले वाटते. परंतु वादी खरेदीसाठी सदैव तयार व राजी होता हे त्याने सिद्ध करण्याची अट कायम राहिली. त्यासाठी नोटांचे पुडके न्यायालयात नाचवून दाखवावे लागत नाही, पण रक्कम उभी करण्याची ऐपत दाखवावी लागते. आणि शेतात उभी असलेली तूर ऐपत म्हणून कोणाला पटवावी? जो मुळात पैशाअभावी अडला आहे त्यालाच पैसा होता हे सिद्ध करायला सांगणारे हे न्यायदान आहे. मुदतीच्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. दावा लावताना इसाराच्या परतीची मागणी स्वतंत्रपणे लिहिली नाही, तर न्यायालय ती आपणहून देत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत मदत मिळते, स्त्रियांना तर उत्पन्नाची अट न लावता. लोकअदालतीत तडजोड झाली तर न्यायालयीन शुल्क परत मिळते आणि निवाडा अंतिम असतो. एक लाखासाठी वर्षानुवर्षे तारखा मोजण्यापेक्षा ऐंशी हजारांवर लोकअदालतीत मिटवणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. यात न्याय झाला असे म्हणता येणार नाही, पण सोने सुटते.

सोने सुटणे महत्त्वाचे आहे. व्यवहार मोडल्यावर कुटुंब अपमानाच्या भरात लगेच दुसरे घर शोधू लागते आणि पहिला इसार परत येण्याआधीच दुसरा देऊन बसते. येथे घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने पाय रोवून उभे राहण्याची गरज असते. परत येणारी रक्कम हप्त्याहप्त्याने, तोंडी वायद्यावर घेऊ नये. बँकेतून घ्यावी आणि करार रद्द झाल्याचा लेख दोघांच्या सह्यांनी करावा. आलेल्या पैशातून आधी व्याज चढणारे कर्ज फेडावे, मग नात्यातले. घर एक हंगाम मागे गेले तर जाऊ द्यावे.

सरकारी योजना या कुटुंबाला फारशा भेटत नाहीत. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेच्या नागरी भागात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळाले, ते स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला. ज्याला जागाच नाही आणि जो जुने घर विकत घेऊ पाहतो, त्याच्यासाठी व्याजाच्या सवलतीचा मार्ग होता. पण सवलत कर्जावर आणि कर्ज निर्वेध मालकीवर. पुन्हा बहिणीच्या सहीपाशीच गाडी येऊन थांबते. बांधकाम व्यावसायिकाकडून सदनिका घेणाऱ्यासाठी १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा आणि २०१६ चा स्थावर संपदा कायदा आहे; त्यात नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई आहे. माळवदाच्या घराच्या खरेदीदाराला असे संरक्षण नाही. संरक्षण घराच्या प्रकाराकडे पाहून दिले जाते, खरेदीदाराच्या दुबळेपणाकडे पाहून नव्हे.

अक्कलकोटहून सोलापूरला जाणारी बस कुंभारीवरून जाते. तेथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची विडी कामगार वसाहत आहे. २००६ मध्ये तिचे हस्तांतरण झाले. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने त्याच कुंभारीत तीस हजार घरांचे रे नगर उभे राहू लागले आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील पंधरा हजार घरे असंघटित कामगारांच्या ताब्यात गेली. मैंदर्गीत तीस हजार घरे उभी राहणार नाहीत. तेवढी माणसेही तेथे नाहीत. परंतु कुंभारीतली एक गोष्ट मैंदर्गीलाही आणता येईल. विडी वळणारी एकेकटी बाई तेथे जमिनीच्या मालकासमोर इसार घेऊन बसली नाही. तिच्या वतीने संघटना बसली.

ही गोष्ट आणायला वसाहत लागत नाही. घराचा व्यवहार बोलला जातो तेव्हा खरेदीदाराच्या बाजूला कागद वाचता येणारा आणि कन्नड समजणारा एक कार्यकर्ता बसला, तरी पुष्कळ होईल. मात्र इसाराच्या आडून सावकारीही चालते. तेव्हा खरेदीदार म्हणून समोर आलेला प्रत्येक जण घरासाठीच आला आहे असे त्याने धरून चालू नये. वारसांची यादी त्याने मागावी, बहिणीला आधी निरोप पाठवावा, इसार आणि आगाऊ रक्कम वेगळी लिहवावी, विक्रेत्याकडून चूक झाल्यास परतीची तारीख घालून घ्यावी, आणि अंगठा उठण्यापूर्वी सगळा मजकूर कन्नडमध्ये मोठ्याने वाचून दाखवावा. आणि मुदतीच्या जागी लेखनिकाने सवयीने ‘सहा महिने’ लिहिले, तर ते खोडून माघी पौर्णिमेची तारीख घालायला लावावी. तोवर तूर दुधनीला पोचलेली असते.