मैदान सगळ्यांचे, वाट मोजक्यांची

इंग्लंडमध्ये एप्रिल उजाडला की क्रिकेटचा हंगाम सुरू होतो आणि सप्टेंबर सरता सरता संपतो. या पाच-सहा महिन्यांत शनिवार-रविवारी गावोगावच्या हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसे दिसतात. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पण तिथल्या क्रिकेटमध्ये कौंटी म्हणजे आपल्या रणजी संघासारखी गोष्ट. असे अठरा मोठे कौंटी क्लब आहेत. पगारी खेळाडूंचा संघ हे कौंटीचे वरचे टोक. त्याखाली शेकडो हौशी क्लब, शाळा, बागेतल्या लीग आणि गल्लीतली पोरे असतात. हे खालचे क्रिकेट वाढवायचे तर काय करावे लागते, आणि ते वाढूनही कुणाची मुले वरपर्यंत पोहोचतात, याचा विचार या महिन्यात करू या.

उदाहरण म्हणून आम्ही यॉर्कशायर घेतले आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडची ही मोठी कौंटी. ब्रॅडफर्ड, लीड्स, शेफील्ड, ड्यूजबरी, बॅटली ही तिथली शहरे. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या कापड गिरण्यांना हात कमी पडू लागले, तेव्हा मीरपूरच्या खेड्यांतून, पंजाबातून आणि आपल्या गुजरातच्या भरूच-सुरत भागातून माणसे तिथे गेली. रात्रपाळी करणारे हे मजूर रविवारी मोकळ्या मैदानावर बॅट घेऊन उतरत. 2021 च्या जनगणनेत ब्रॅडफर्डमध्ये मुस्लिमांचे प्रमाण 30.5 टक्के होते. क्रिकेटचे वेड या घरांत पिढ्यानपिढ्या उतरले आहे.

दार बंद होते तेव्हा

यॉर्कशायरचा एक जुना नियम होता. कौंटीच्या हद्दीत जन्मलेलाच माणूस संघात खेळेल. 1992 साली हा नियम सुटला आणि संघाने पहिला परदेशी खेळाडू घेतला. तो होता मुंबईचा एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. आपल्याला याचा अभिमान वाटला आणि तो योग्यच होता. पण त्याच वेळी ब्रॅडफर्डच्या गल्लीत एक साधा प्रश्न विचारला जात होता. आमची मुले तर याच मातीत जन्मली, मग जन्माची अट पाळणाऱ्या या संघात ती कुठे आहेत?

दार उघडत नाही म्हटल्यावर या लोकांनी स्वतःची घरे बांधली. कायदे-आझम लीगसारख्या रविवारच्या लीग उभ्या राहिल्या. बॅटलीत गुजराती मुस्लिमांनी माऊंट नावाचा क्लब उभा केला. पुढे याच क्लबचा संघ रोमला जाऊन व्हॅटिकनच्या पाद्र्यांच्या संघाशी सामना खेळून आला. मौलवी आणि पाद्री यांच्या परिषदा पुष्कळ होतात, पण एका षटकात सहा चेंडू टाकून जी ओळख होते ती वेगळीच.

या वेगळ्या लीगमध्ये खेळ उत्तम होता, पण कौंटीचे निवडकर्ते तिथे फिरकत नसत. मुलगा शतकामागून शतक काढी आणि ते शतक लीगच्या वहीत राही. आदिल रशीद हा ब्रॅडफर्डचा मुलगा या भिंतीतून पार गेला. ऑस्ट्रेलियाचे फिरकीचे जाणकार टेरी जेनर यांची नजर त्याच्यावर किशोरवयातच पडली. 2006 साली यॉर्कशायरकडून पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात त्याने एका डावात सहा बळी घेतले. सप्टेंबर 2024 मध्ये हेडिंग्लेच्या मैदानावर, म्हणजे आपल्या घरच्याच मैदानावर, त्याने एकदिवसीय क्रिकेटमधला दोनशेवा बळी घेतला. इंग्लंडच्या कोणत्याही फिरकी गोलंदाजाने त्याआधी ही मजल गाठली नव्हती.

आकडे काय सांगतात

एक आदिल वर गेला म्हणून वाट मोकळी झाली असे मात्र नाही. इंग्लंडमधल्या हौशी क्रिकेटपटूंपैकी जवळजवळ 30 टक्के दक्षिण आशियाई वंशाचे आहेत. पगारी खेळाडूंमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येते. बर्मिंगहॅम सिटी विद्यापीठात टॉम ब्राऊन यांनी या गळतीचा अभ्यास केला. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की, खासगी शाळेत शिकलेल्या गोऱ्या मुलाला व्यावसायिक खेळाडू होण्याची संधी सरकारी शाळेतल्या दक्षिण आशियाई मुलापेक्षा 34 पट जास्त असते.

जून 2023 मध्ये एका स्वतंत्र आयोगाचा अहवाल आला. चार हजारांहून अधिक लोकांनी या आयोगाला आपले अनुभव कळवले होते. पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाच्या 87 टक्के, तर भारतीय वंशाच्या 82 टक्के लोकांनी भेदभाव अनुभवल्याचे सांगितले. 2021 मध्ये इंग्लंडच्या पुरुष संघाकडून खेळलेल्यांपैकी 58 टक्के खेळाडू खासगी शाळांतले होते. देशाच्या लोकसंख्येत खासगी शाळेत शिकलेल्यांचे प्रमाण आहे फक्त सात टक्के. म्हणजे प्रश्न केवळ रंगाचा किंवा धर्माचा नाही, खिशाचाही आहे. कौंटीच्या वयोगट संघात निवड झाली की हिवाळी सरावाची फी, किट, दर आठवड्याचा प्रवास हे सगळे आईवडिलांवर पडते. टॅक्सी चालवणाऱ्या बापाला शनिवार हाच कमाईचा दिवस असतो. त्याने मुलाला पन्नास मैलांवर न्यायचे कधी?

या अहवालाच्या मागे अझीम रफिकचे प्रकरण होते. यॉर्कशायरकडून खेळलेल्या या मुस्लिम खेळाडूने नोव्हेंबर 2021 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. आपल्याला कोणत्या शब्दांनी हाक मारली जाई, हे त्याने रडत रडत सांगितले. पंधरा वर्षांचा असताना स्थानिक क्लबमधल्या एका खेळाडूने जबरदस्तीने तोंडात दारू ओतली, हेही त्याने सांगितले. पुढे यॉर्कशायरला चार लाख पौंडांचा दंड झाला आणि गुणही कापले गेले. हेही नमूद केले पाहिजे की, खुद्द रफिकचे ज्यूंविषयीचे जुने आक्षेपार्ह संदेश बाहेर आले आणि त्याला त्यासाठी माफी मागावी लागली. आपल्यावर झालेला अन्याय मोठा असला तरी दुसऱ्याविषयी वाईट बोलायची मुभा त्यातून मिळत नाही. मुलांना ही बाजूही सांगायला हवी.

तळातून बांधणी

2005 नंतर इंग्लंडमधले क्रिकेट फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांवरून पैसे भरून पाहायच्या वाहिनीवर गेले. सरकारी शाळांत तर क्रिकेट आधीच आटले होते. त्याच साली ‘चान्स टू शाइन’ ही धर्मादाय संस्था सुरू झाली. तिचे प्रशिक्षक सरकारी शाळांत जाऊन मुलामुलींना खेळ शिकवतात. शहरातल्या वस्त्यांत याच संस्थेने टेप बॉलचे क्रिकेट नेले. टेनिसच्या चेंडूला इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळायची, ही कराचीच्या गल्लीतली युक्ती. तिला ना पॅड लागतात, ना हिरवळ. हॉलमध्ये, मोटारी लावायच्या आवारात, कुठेही खेळ होतो. शिवाय फी नसते.

2017 पासून बोर्डाने पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘ऑल स्टार्स’ हा उपक्रम क्लबांमार्फत चालवला. मूल नाव नोंदवते, त्याला बॅट, चेंडू आणि टी-शर्ट मिळतो आणि काही आठवडे खेळातून खेळ शिकवला जातो. त्यापुढच्या वयासाठी ‘डायनामोज’ आले. 2018 मध्ये दक्षिण आशियाई समाजासाठी बोर्डाने स्वतंत्र आराखडा जाहीर केला. त्यातले आम्हाला सर्वांत आवडलेले कलम बायकांविषयीचे आहे. दोन हजार दक्षिण आशियाई महिलांना मुलांच्या प्रशिक्षणासाठी तयार करायचे, असे ध्येय ठेवले गेले. अम्मी स्वतः मैदानावर शिट्टी घेऊन उभी असली की मुलीला पाठवायला घरचे कचरत नाहीत, हे साधे शहाणपण त्यामागे आहे.

गळतीवर इलाज म्हणून टॉम ब्राऊन यांच्या अभ्यासातूनच साउथ एशियन क्रिकेट अकादमी निघाली. कौंटीच्या नजरेतून सुटलेल्या तरुणांना ती मोफत प्रशिक्षण देते आणि कौंटी संघांपुढे खेळवते. लंडनचा लेगस्पिनर जाफर चौहान तिथूनच पुढे आला. त्याला करार दिला तो यॉर्कशायरने, आणि 2024 मध्ये तो इंग्लंडच्या संघात निवडला गेला. ज्या कौंटीचे नाव काल दंडाच्या बातमीत होते, तिनेच हा करार दिला, हीही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

वेळापत्रकात अडकलेला खेळ

आता आपल्या घरांना जवळची गोष्ट. इंग्लंडमधले मुस्लिम मूल शाळा सुटली की संध्याकाळी मदरशात जाते. बहुतेक दिवशी पाच ते सातच्या दरम्यान ते कुरआन वाचत असते. नेमका त्याच वेळी क्लबांचा मुलांचा सराव असतो. सराव संपला की क्लबच्या बारमध्ये मोठी माणसे बसतात, कारण क्लबचा खर्च बऱ्याच अंशी त्या बारवर चालतो. वाईट हेतू कुणाचाच नाही. पण बाप दारातूनच मुलाला माघारी नेतो, आणि क्लबवाले म्हणतात, “या लोकांना आमच्यात मिसळायचेच नाही.”

जिथे क्लबने मशिदीच्या लोकांना चहाला बोलावून विचारले, तिथे उत्तरे सोपी निघाली. सराव अर्धा-पाऊण तास पुढे ढकलायचा. मदरशाच्याच हॉलमध्ये आठवड्यातून एकदा टेप बॉलचा खेळ ठेवायचा. सामन्याच्या जेवणात हलाल किंवा शाकाहारी पदार्थ ठेवायचे. नमाजसाठी कपडे बदलण्याच्या खोलीचा एक कोपरा स्वच्छ ठेवायचा. मुलांच्या कार्यक्रमाच्या वेळी बार बंद ठेवायचा. 2014 ते 2017 या वर्षांत रमजान ऐन जून-जुलैच्या आसपास आला होता. तिथे तेव्हा रोजा अठरा-एकोणीस तासांचा होतो. अशा दिवशी रोजेदार गोलंदाजाला सलग षटके न देता विसावा देणारा कप्तान भेटला, तर तो मुलगा त्या क्लबला जन्मभर विसरत नाही.

वरच्या पातळीवर हे घडलेले आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले आहे. 2019 चा विश्वचषक जिंकल्यावर शॅम्पेन उडू लागताच मोईन अली आणि आदिल रशीद बाजूला पळाले. 2022 मध्ये मेलबर्नला टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा कप्तान जोस बटलरने आधी सर्वांचा फोटो होऊ दिला, या दोघांना बाजूला जायला सांगितले आणि मगच बाटल्या उघडल्या. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा हा शिष्टाचार होता. पण बर्मिंगहॅमच्या स्पार्कहिलमधल्या किंवा ब्रॅडफर्डमधल्या पोराला त्यातून कळले की संघात राहण्यासाठी दीन दाराबाहेर ठेवावा लागत नाही.

मुलींच्या बाबतीत स्कॉटलंडची अबताहा मकसूद आठवते. ग्लासगोत दंतवैद्यकाचा अभ्यास करता करता ती लेगस्पिन टाकत राहिली. 2021 मध्ये ‘द हंड्रेड’ स्पर्धेत ती बर्मिंगहॅमच्या संघाकडून हिजाब घालून खेळली. तिने ना अभ्यास सोडला, ना हिजाब, ना खेळ.

आपल्या अंगणात

यातून आपण काय घ्यायचे? रत्नागिरी-रायगडची अनेक कोकणी कुटुंबे आज ब्रिटनमध्ये आहेत. त्यांनी आपल्या भागातल्या कौंटी बोर्डाकडे चौकशी जरूर करावी. मुले मैदानावर आणि आईवडील मोटारीत बसून, असे न करता क्लबच्या समितीवर जावे. वेळापत्रक ठरवणारी खुर्ची रिकामी असते, आपण तिच्यावर बसत नाही म्हणून दुसरा बसतो.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनाही हा धडा परका नाही. झहीर खान श्रीरामपूरहून आला. सरफराज आणि मुशीर या भावांना त्यांच्या वडिलांनी आझाद मैदानावर घडवले. एकेका बापाच्या जिद्दीवर एकेक मुलगा वर जातो, पण बाकीच्या मोहल्ल्याचे काय? आपल्याकडे शादीखान्यासाठी वर्गणी जमते, जलशासाठी जमते. मग वस्तीतल्या मुलांसाठी चार स्टंप, एक जाळी आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा एक जाणता शिक्षक यासाठी का जमू नये? उर्दू शाळेचे पटांगण सुट्टीच्या दिवशी कुलूपबंद का राहावे? मुलींना सकाळचा एक तास वेगळा देता येणार नाही का?

एक सूचना आवर्जून करतो. मुलगा भारताकडून खेळेल या हिशोबाने त्याला मैदानावर पाठवू नका. तिथे पोहोचणारे लाखात एक. पण वेळेवर येणे, पंचाचा निर्णय मान खाली घालून स्वीकारणे, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवणे आणि अनोळखी घरातल्या मुलाशी एका संघात खेळणे, हे शंभरातल्या शंभर मुलांना मिळते.

मे महिन्याची सुट्टी येते आहे. मोहल्ल्यातल्या चार पालकांनी एका संध्याकाळी मगरिबनंतर बसावे. मैदान कोणते, वेळ कोणती, मुलींसाठी काय सोय आणि शेजारच्या आळीतल्या मुलांना निरोप कोण देणार, एवढ्या चार गोष्टी ठरवाव्यात. बैठक अर्ध्या तासात संपेल. पुढचे काम मुले करतील, इन्शाअल्लाह.