उघड्यावरच्या मद्यपानाबद्दल



उघड्यावर पिणाऱ्यांवरील कारवाई म्हणजे गरिबाच्या मागे लागणे, हा मागील अंकातील पत्रलेखकांचा आक्षेप अर्धा खरा आहे. परमिट रूमचा दर परवडत नाही आणि वाइन शॉपमध्ये बसून पिता येत नाही. मग तालुक्याच्या गावी बाटली घेतलेला माणूस एसटी स्टँडच्या मागे नाहीतर शाळेच्या ओट्यावर जातो. पण क्लास सुटल्यावर सायकलने घरी निघालेली मुलगी आणि अंधार पडता पडता भाजीची पाटी आवरणारी बाई, याही काही श्रीमंत नव्हेत. त्यांना लांबचा वळसा घालावा लागतो, त्याचा हिशेब त्या पत्रात कुठेच नाही. सकाळी ओट्यावरचे प्लास्टिकचे ग्लास आणि फुटक्या काचाही मुलांच्याच वाट्याला येतात.

कायदा आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 चे कलम 85 सार्वजनिक जागी नशेत बेताल वागणाऱ्याला शिक्षा सांगते. म्हणजे बहुधा पोलीस येणार तमाशा झाल्यावर. गोव्याने 2019 मध्ये पर्यटनस्थळी उघड्यावर पिण्यालाच दंड ठरवला: एकट्याला 2,000 रुपये, टोळक्याला 10,000. स्वस्त दारूसाठी ओळखल्या जाणाऱ्या राज्याने हे करावे, हे विशेष! असा दंड आपल्याकडेही हवा; पण हातावर पोट असणाऱ्याला ही रक्कम जबर आहे, ती कमी ठेवावी. ‘हे लोक दुसरीकडे बसतील’ म्हणाल, तर बसू देत. स्टँड आणि शाळा मोकळी झाली तरी पुष्कळ. मात्र दुकानाच्या दारातच ग्लास भरले जात असतील तर पहिला जाब परवानाधारकाला विचारावा, आणि नगरपंचायतीने मैदानावरचे बंद पडलेले दिवे लावावेत.